न मोजता गेलेले पैसे

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची ओळख पटेल असा मजकूर वगळून ते थोडक्यात देत आहे.

“माझे पती एका अनुदानित शाळेत वरिष्ठ लिपिक आहेत. वय ४६, हातात येणारा पगार सुमारे ५२ हजार. माणूस इतका काटकसरी, की दहा रुपयांच्या कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करतील आणि रिक्षाचे पैसे वाचवायला एसटी स्टँडवरून चालत घरी येतील. ते कधी पत्त्यांच्या क्लबात गेले नाहीत. दिवाळीत घरी तीन पत्ती मांडली, तरी शंभर रुपये गेले की उठून जात. गेल्या महिन्यात पतसंस्थेची नोटीस घरी आली, तेव्हा कळले की मोबाईलवरच्या रमीत आणि नंतर क्रिकेटच्या सट्ट्यात त्यांनी सोळा महिन्यांत ७ लाख ८० हजार रुपये घालवले. त्यात आमची १ लाख ८० हजारांची शिल्लक गेली. उरलेले ६ लाख कर्ज आहे: बँकेचे वैयक्तिक कर्ज ३ लाख, पगारदार पतसंस्थेचे २ लाख, ज्याला त्यांचे दोन सहकारी जामीन आहेत, कर्ज देणाऱ्या तीन ॲपांचे ६० हजार आणि मित्राचे ४० हजार. ते रडले, देवापुढे शपथ घेतली. सासूबाई म्हणतात, फोन काढून घे. भाऊ म्हणतो, बांगड्या मोड आणि एकदाचे सगळे फेडून टाक. मला मात्र एकच प्रश्न झोपू देत नाही. शंभरची नोट मोडताना ज्यांचा जीव वरखाली होतो, त्यांच्या हातून एवढे पैसे गेलेच कसे? हातात रोख असती तर हे झाले असते का? मुलगा दहावीत आहे, त्याला सांगावे का?”

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

जो प्रश्न तुम्हाला झोपू देत नाही, त्यापासूनच मी सुरुवात करते. कारण त्याचे उत्तर नीट कळले, तर पुढे काय करायचे हे त्यातूनच निघते. मी २८ वर्षे बँकेत काम केले, त्यांपैकी बराच काळ रोखपालाच्या खिडकीत. नोटा मोजून देताना आणि घेताना माणसांचे हात मी फार जवळून पाहिले आहेत. स्वतःच्या खात्यातले पाच हजार काढणारा मनुष्यसुद्धा नोटा एकदा तरी मोजतो, घडी करतो, आतल्या खिशात ठेवतो आणि वरून हात फिरवून पाहतो. नोट देताना मनाला जो चिमटा बसतो, तोच आपल्यापैकी बहुतेकांचा खरा हिशेबनीस असतो. तुमच्या पतींचा हा हिशेबनीस फार जागरूक होता, हे कोथिंबिरीच्या जुडीवरून दिसतेच. मोबाईलवर पैसे देताना मात्र तो जागाच झाला नाही. रोख असती तर त्यांना मोह झालाच नसता, असे मी म्हणणार नाही. पण ७ लाख ८० हजारांपर्यंत ते अशा रीतीने, घरात कोणाला पत्ता लागू न देता पोहोचले नसते, असे मला मनापासून वाटते.

या चिमट्याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन प्राध्यापकांनी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांमध्ये बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांचा लिलाव ठेवला. काहींना सांगितले की पैसे रोख द्यायचे आहेत, काहींना सांगितले की क्रेडिट कार्डाने द्यायचे आहेत. तिकिटे तीच, सामना तोच. पण कार्डवाल्यांनी लावलेली बोली रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट होती. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे व्यवस्थापन शिकणाऱ्या, हिशेबात हुशार असलेल्या तरुणांचीसुद्धा पैशाची जाणीव केवळ देण्याची रीत बदलल्याने इतकी सैल होते. आपल्याकडे ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय सुरू झाले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, आणि पुढच्या काही वर्षांत भाजीवालीपासून दवाखान्यापर्यंत सगळे व्यवहार फोनवर आले. त्यात सोय आहे आणि ती मी स्वतः रोज वापरते. पण त्याबरोबर एक सवयही हाताला लागली. दुधाच्या पिशवीचे पैसे आणि रमीच्या डावाचे पाचशे रुपये एकाच हालचालीने जातात: तोच पडदा, तोच पिन, तोच हिरव्या खुणेचा टिळा. दिवसातून दहा वेळा जी गोष्ट हात विचार न करता करतो, ती अकराव्या वेळी विचार करून करील, ही अपेक्षा कोणत्याही माणसाकडून फार मोठी आहे.

कोथिंबिरीच्या बाबतीत काय होते ते पाहा. जुडी समोर असते, भाजीवाली समोर असते, शेजारच्या गाडीवरचा भाव माहीत असतो, आणि पैसे दिल्याबरोबर वस्तू हातात येते. देणे आणि मिळणे एकाच क्षणी, एकाच जागी घडते. जुगाराच्या ॲपात हे दोन क्षण मुद्दाम लांब ठेवलेले असतात. आधी खात्यातून पाचशे रुपये ॲपच्या पाकिटात जातात; तेव्हा काहीच हरलेले नसते, उलट पडद्यावर शिल्लक वाढलेली दिसते आणि बटणावरचे शब्दही पैसे ‘जमा’ करण्याचे असतात. मग ते पाचशे हळूहळू डावांत विरघळतात, तेव्हा ते पैसे वाटत नाहीत, नुसते आकडे किंवा गुण वाटतात. पणजीला मांडवी नदीतल्या कॅसिनोंमध्ये रोख घेऊन प्लास्टिकच्या चकत्या देतात, तिथेही हेच होते. पण तिथे निदान माणसाला बोटीवर जावे लागते आणि पहाटे परत यावे लागते. तुमच्या पतींच्या उशाशीच बोट होती.

दुसरी गोष्ट खंडाची. आमच्या लहानपणी गिरणगावातल्या नातेवाइकांकडे मटक्याची भाषा कानावर पडायची. तो धंदा १९६० च्या दशकात मुंबईत फोफावला आणि त्याने किती घरे बसवली हे मी जाणते, त्यामुळे त्याचे गोडवे मुळीच गाणार नाही. तरीही त्यात एक गोष्ट होती. दिवसातून ओपन आणि क्लोज असे दोन आकडे फुटायचे, बुकीकडे चालत जाऊन चिठ्ठी घ्यावी लागायची, आणि मधल्या तासांत माणूस कामावर जायचा, जेवायचा, बायकोच्या नजरेला नजर द्यायचा. खिसा रिकामा झाला की घरी यावेच लागे. हरलेला जुगारी जेव्हा गेलेले पैसे काढण्याच्या मागे लागतो, तेव्हा त्याला वाचवणारी बहुधा एकच गोष्ट असते, ती म्हणजे सक्तीने पडणारा खंड. मोबाईलने तोच काढून घेतला. डाव दोन-चार मिनिटांचे, पैसे भरणे दहा सेकंदांचे, आणि बँक रात्री अडीच वाजताही उघडी. पैसे भरायला सेकंद पुरतात, पण जिंकलेले काढायला गेले की ओळखपत्रे, पडताळणी, किमान रक्कम आणि थांबा असे सगळे सुरू होते. त्या थांबण्याच्या काळात जिंकलेलेही पुन्हा डावावर लागतात. ब्रिटनमध्ये काढायला टाकलेली रक्कम परत खेळात ओढण्याची ही सोय नियामकाला २०२१ मध्ये बंद करावी लागली, यावरून ती किती घातक होती ते समजावे.

इतर देशांनी हा खंड परत आणण्याचे प्रयत्न केले आहेत आणि ते आपल्या घरगुती उपायांना दिशा देणारे आहेत. नॉर्वेने जुलै २००६ मध्ये जुगाराच्या यंत्रांत नोटा घालण्याची सोय बंद करून फक्त नाणी ठेवली. पैसे घालणे नुसते किचकट केले तरी खेळणे घटले. पुढच्या वर्षी ती यंत्रेच काढली आणि नंतर जी नवी आणली, ती रोकडविरहित होती, पण खेळणाऱ्याच्या नावाच्या कार्डाशी आणि नुकसानीच्या मर्यादेशी बांधलेली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१२ मध्ये जुगाराच्या जागांतून एटीएम हलवली. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळणे बंद केले, ऑस्ट्रेलियाने जून २०२४ पासून ऑनलाइन सट्ट्यासाठी तसेच केले. नॉर्वेची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिथे रोकडविरहित पैशानेच लगाम घातला. नोटेला कुलूप नसते आणि नोट कुठे गेली याची नोंदही नसते. फोनवरच्या पैशाला या दोन्ही गोष्टी असतात. फक्त त्या वापराव्या लागतात.

ब्रिटनमध्ये बँकेच्या ॲपात एक कळ दाबली की जुगाराच्या कंपन्यांना पैसे जाणे बंद होते. तसे काही इथे आहे का, असे तुम्ही कदाचित विचाराल. आपल्याकडे अडचण निराळी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. त्यानंतर रमीच्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले. तुमचे पती ‘नंतर क्रिकेटच्या सट्ट्यात’ गेले असे तुम्ही लिहिले आहे, त्याचे कारण मला इथे दिसते. आता जी ॲपे उरली आहेत ती परदेशातून चालतात आणि कोणा तिऱ्हाइताच्या भाड्याने घेतलेल्या बँक खात्यात पैसे मागतात. दर वेळी क्यूआर कोड बदलतो. त्यामुळे बँकेच्या विवरणात जुगार असा शब्द कुठेच दिसत नाही; एखाद्या ट्रेडर्सचे, एखाद्या अनोळखी माणसाचे नाव दिसते. बँकेला ते ओळखणे कठीण आहे, म्हणून कुलूप आपल्या टोकाला, घरच्या खात्यांवर लावावे लागेल. या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची वाट करून देणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे डॉक्टरांना किंवा बँकेला खरे सांगताना तुमच्या पतींनी घाबरू नये. मात्र त्यांनी स्वतःचे खाते किंवा सिमकार्ड कोणाला वापरायला दिले होते का, हे जरूर विचारा. दिले असेल, तर लगेच बँकेला लेखी कळवून वकिलाचा सल्ला घ्या.

आता सासूबाईंच्या सूचनेबद्दल. फोन काढून घेऊ नका. रागाने नव्हे तर काळजीने त्या म्हणत आहेत हे मला कळते, पण ४६ वर्षांच्या माणसाचा फोन हिसकावला तर सहा हजारांत दुसरा येतो आणि तो लपवला जातो. शिवाय शाळेचे काम, मुलाच्या शिकवणीचे निरोप, सगळे त्याच फोनवर आहे. काढून घ्यायची आहे ती फोनची पैशापर्यंतची वाट, आणि तीही त्यांच्या संमतीने, त्यांच्या सहीने. शपथेपेक्षा या संमतीला मी फार मोल देते, कारण आज शांत डोक्याने केलेली सही पंधरा दिवसांनी मोह अनावर झालेल्या रात्रीही तशीच राहते.

पहिले काम विवरणाचे. सर्व खात्यांची गेल्या सोळा महिन्यांची विवरणे शाखेतून कागदावर छापून घ्या. पडद्यावर पाहू नका. एखाद्या सुटीच्या दिवशी सकाळी, मुलगा घरी नसताना, दोघांनी शेजारी बसून पेन्सिलीने एकेका नोंदीवर खूण करा, आणि बेरीज त्यांना स्वतःच्या हाताने लिहू द्या. दोनशे, पाचशे, पुन्हा दोनशे, एकाच रात्री पंधरा वेळा, असे काहीतरी तिथे दिसेल. त्यांनी ७ लाख ८० हजार असे कधी दिलेच नाहीत, ताई. त्यांनी दोनशे-पाचशे दिले, आणि बेरीज कोणी केली नाही. वर्षानुवर्षे शाळेची जमाखर्चाची वही लिहिणाऱ्या माणसाला ती बेरीज स्वतः करताना जे वाटेल, ते तुमच्या कोणत्याही शब्दांनी वाटणार नाही. म्हणून त्या सकाळी तुम्ही बोलू नका, फक्त बसा. त्याबरोबर वेळाही पाहा. ब्रिटनमधील एका बँकेच्या ६५ लाखांपर्यंत ग्राहकांच्या निनावी नोंदींवरून २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. खर्चात जुगाराचा वाटा जसा वाढतो तसे कर्जाचे हप्ते चुकणे, उचल वाढणे आणि रात्रीचे जागरणही वाढते, असे त्यात दिसले. तुमच्या विवरणातही रात्रीच्या वेळा दिसतील, आणि मोह कोणत्या तासाला येतो हे कळले की पहारा कुठे लावायचा तेही कळेल.

त्याच दिवशी त्यांचा पतअहवाल (क्रेडिट रिपोर्ट) मागवा. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. न सांगितलेले एखादे कर्ज असले तर तिथे दिसेल. माझा अनुभव असा आहे की पहिल्या कबुलीत सगळी कर्जे सांगितली जात नाहीत, आणि त्यात खोटेपणापेक्षा लाज जास्त असते. दुसरे कर्ज सापडले तर त्याला दुसरी फसवणूक समजू नका.

मग कुलपे. पगाराच्या खात्यावरचे यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करण्याचा अर्ज त्यांनी शाखेत द्यावा, आणि डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करावेत. कार्डाचे व्यवहार चालू-बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय देणे रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांना बंधनकारक केले आहे. शालार्थ या शाळांच्या सरकारी वेतनप्रणालीतून होणारा पगार कधी एक तारखेला तर कधी दहाला येतो, म्हणून ‘अमुक तारखेला पैसे पत्नीच्या खात्यात वळवा’ अशी कायम सूचना पुरेशी पडणार नाही. पगार रात्री जमा झाला तरी सकाळी शाखा उघडेपर्यंत तो हलू नये, ही खरी गरज आहे. घरखर्च तुमच्या खात्यातून चालवा. त्यांना रोजच्या किरकोळ खर्चासाठी फोनवरून पैसे द्यावे लागत असतील, तर यूपीआय सर्कल ही सोय वापरा. ती २०२४ मध्ये आली. त्यात खाते तुमचे राहते आणि ते दुय्यम वापरकर्ते होतात. दर व्यवहाराला तुमची मंजुरी लागेल अशी पद्धत त्यात निवडता येते. महिन्याची मर्यादा घालून देण्याचीही पद्धत आहे, पण पहिले वर्षभर मंजुरीचीच ठेवा.

तरीही माझा आग्रह असा, की शक्य तितके दिवस त्यांना आठवड्याचे पैसे नोटांमध्येच द्यावेत. दर रविवारी ठरलेली रक्कम, शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटांत, त्यांनी मोजून घ्यावी. यात लहान मुलाला खाऊचे पैसे दिल्यासारखे वाटू नये म्हणून तुम्हीही तुमचे आठवड्याचे पैसे तसेच घ्या. ज्या चिमट्याने त्यांना आयुष्यभर सांभाळले, तो परत बोटांत यायला वेळ लागेल, पण तो येतो. मी पाहिला आहे.

कर्ज मिळण्याच्या वाटाही बंद करायच्या आहेत, आणि हे लोक विसरतात. बँकेच्या ॲपात ‘तुमच्यासाठी मंजूर’ म्हणून जे कर्ज तयार ठेवलेले असते, ते नको असल्याचे पत्र शाखेला द्या. क्रेडिट कार्ड असल्यास परत करा. मुदत ठेवी असतील तर त्या दोघांच्या नावे, दोघांच्या सहीनेच मोडतील अशा करून घ्या, कारण एकाच्या नावाची ठेव फोनवर रात्रीतून मोडता येते. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले आहे का, तेही पाहा.

आता बांगड्या. भाऊ प्रेमाने सांगतो आहे, तरी मी तुम्हाला त्या मोडू नका असे स्पष्ट सांगते. ते तुमचे स्त्रीधन आहे, एवढेच कारण नाही. सगळे कर्ज एका दिवसात फिटले, तर ते आठवडाभर हलके होतील, आणि मग कर्ज मिळण्याची त्यांची पात्रता पुन्हा पूर्ण उघडी होईल; ज्या आजाराने सहा लाख केले तो अजून घरातच आहे. शिवाय पैसा पुन्हा एकदा आकड्यासारखा, एका झटक्यात, त्यांच्या हाताला स्पर्श न होता गेलेला असेल. हप्ते त्यांच्या पगारातूनच जाऊ द्यात. अग्रक्रम मात्र मी असा लावीन: सर्वांत आधी कर्जाची तीन ॲपे, कारण त्यांचे व्याज आणि त्यांचा छळ दोन्ही सर्वांत जास्त. त्यासाठी हवी तर तुमच्या माहेरची थोडी मदत घ्या, पण ती पतींच्या हातात न देता थेट त्या कर्जखात्यात भरा आणि खाते बंद झाल्याचे पत्र मिळवा. ॲपवाले नातेवाइकांना फोन करून धमकावत असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. पतसंस्थेत दोघांनी मिळून सचिवांना भेटा आणि मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. दोन्ही जामीनदारांना त्यांच्या पगारातून कपात सुरू होण्याआधी तुमच्या पतींनी स्वतः जाऊन खरे सांगावे. अवघड आहे, पण स्टाफरूममध्ये रोज त्यांच्याचसमोर बसायचे आहे. कोणा खासगी सावकाराकडून पैसे घेतलेले निघाले, तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात जा; महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. आणि ‘बुडालेले पैसे ॲपकडून परत मिळवून देतो’ असे सांगत कोणी फोन केला, तर तो उचलू नका.

एक प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेला नाही, पण बँकेत काढलेल्या वर्षांमुळे मला तो टाळता येत नाही. तुमचे पती शाळेच्या कार्यालयात आहेत. हल्ली सहलीचे, गणवेशाचे, परीक्षा शुल्काचे पैसे पालक फोनवर पाठवतात, आणि अनेक ठिकाणी ते सोयीसाठी एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक क्रमांकावर घेतले जातात. तसे असेल तर त्यांना अगदी शांतपणे, डोळ्यांत पाहून विचारा, की त्यातले काही वापरले गेले आहे का. रोखीच्या काळात शाळेचे पैसे कुलूपबंद पेटीत आणि स्वतःचे पैसे खिशात असत. दोन्हींमध्ये निदान एक किल्ली होती. एकाच खात्यात दोन्ही आले की वाहवलेल्या माणसाला ‘उद्या भरून टाकू’ एवढेच पुरते, आणि मी चांगल्या माणसांच्या नोकऱ्या याच वाक्याने गेलेल्या पाहिल्या आहेत. काही वापरले असेल, तर बांगड्यांबद्दलचा माझा सल्ला फक्त तेवढ्या रकमेपुरता बाजूला ठेवा, वकिलाला भेटा आणि ती आधी भरा. काही वापरले नसेल, तरीही मुख्याध्यापकांना सांगून त्यांनी पैशांचे काम काही काळ दुसऱ्याकडे द्यावे.

इतका वेळ मी पैशाबद्दल बोलले, कारण तुम्ही पैशाबद्दल विचारलेत. पण हा आजार आहे, ताई. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या वर्गीकरणात जुगाराच्या विकाराला स्वतंत्र जागा दिली आहे, आणि दारूच्या व्यसनासारखाच तो व्यसनांमध्ये धरला जातो. वाटा बंद केल्याने नुकसान थांबते. ओढ थांबवायला उपचार लागतात. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात त्यांना घेऊन जा. तोवर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. तुम्ही स्वतःसाठीही तिथे बोला. जुगाराचे कर्ज उघडे पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे ते काही बोलले, एकदम गप्प झाले किंवा आवराआवर करू लागले, तर त्यांना एकटे सोडू नका, सरळ विचारा आणि त्याच क्षणी १४४१६ किंवा ११२ वर फोन करा. असे विचारल्याने ती कल्पना मनात घुसते ही समजूत चुकीची आहे; विचारल्याने बोलायला वाट मिळते.

मुलाला सांगा. नोटीस आली त्या दिवशीच त्याला काहीतरी कळले आहे. आकडे नकोत, बाबा मोबाईलवरच्या जुगारात बरेच पैसे हरले, तो आजार आहे, त्यावर औषधपाणी सुरू आहे, तुझ्या शिक्षणाचे पैसे आईकडे आहेत, एवढे पुरे. शक्य झाले तर हे बाबांनीच सांगावे. सासूबाईंना त्यांच्या घरातील तीन पत्तीची आठवण देऊन एवढेच सांगा, की शंभर रुपये गेल्यावर उठणारा त्यांचा मुलगा तोच आहे, फक्त या वेळी उठा असे सांगणारी नोट त्याच्या हातात नव्हती.

ते यातल्या कशालाच तयार झाले नाहीत, तर तुमचे खाते, तुमचे दागिने आणि मुलाच्या नावाची ठेव आधी सुरक्षित करा, त्यांच्या कोणत्याही कर्जावर सही करू नका, आणि तरीही डॉक्टरांकडे तुम्ही एकट्या जा. शपथ घेतलेला माणूस बँकेच्या अर्जावर सही करायला कचरतो, असे होऊ शकते. त्या वेळी भांडू नका, दोन दिवसांनी तोच अर्ज पुन्हा पुढे ठेवा.

पुढचा पगार जमा होण्याआधी शाखेतले अर्ज होतील असे पाहा. बाकी सगळे त्यानंतर झाले तरी चालेल. तीन महिन्यांनी विवरणे पुन्हा छापून घ्या, दोघांनी तशीच पेन्सिल घेऊन बसा, आणि मला लिहा. त्यात रात्री दहानंतरची एकही नोंद नसली तरी लिहा, असली तरीही लिहा.

तुमची,
सदरलेखिका